ध्रुवीय प्रकाशाचा नकाशा हा धोक्याचा नकाशा नव्हे

१० मे २०२४ च्या रात्री लडाखमधल्या हानले इथल्या भारतीय खगोल वेधशाळेच्या कॅमेऱ्यांनी उत्तर क्षितिजावरची ध्रुवीय प्रकाशाची लाल आभा टिपली आणि दुसऱ्या दिवशी ती छायाचित्रे सगळ्यांच्या मोबाईलवर पोचली. २००३ नंतरचे सर्वांत तीव्र भूचुंबकीय वादळ, म्हणजे सूर्यावरच्या स्फोटामुळे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात उठणारी खळबळ, त्या रात्री पृथ्वीवर येऊन थडकले होते. तेव्हापासून दर मोठ्या सौरस्फोटानंतर आपल्याकडे तोच वाद त्याच दोन टोकांवरून घातला जातो. एका टोकाला 'इंटरनेटचा महाप्रलय' असे मथळे आणि 'आज रात्री मोबाईल उशाशी ठेवू नका, विश्वकिरण येणार आहेत' असे फिरते निरोप असतात. दुसऱ्या टोकाला विज्ञानाची चाड असलेली, शिकलेली माणसे असतात. ती हे निरोप खोडून काढतात ते योग्यच. पण त्याच दमात सांगतात की हे दुखणे नॉर्वे-कॅनडासारख्या देशांचे आहे, आपण विषुववृत्ताजवळचे, आपल्याला काय त्याचे? नोव्हेंबर २०२५ च्या अखेरीस तीव्र सौर प्रारणामुळे विमानाच्या नियंत्रण-संगणकातील माहिती बिघडू शकते असे सांगत एअरबसने ए३२० प्रकारच्या हजारो विमानांत तातडीने दुरुस्ती करायला लावली, तेव्हा हा वाद पुन्हा पेटला आणि पुन्हा त्याच चाकोरीतून गेला.

माझ्या मते ही दोन्ही टोके एकाच चुकीच्या गृहीतकावर उभी आहेत. आकाशात दिसणारा रंग हे दोघांनीही धोक्याचे मोजमाप मानले आहे. लडाखपर्यंत रंग उतरला म्हणजे आता सगळे संपलेच, असे एकाला वाटते; मुंबई-नागपूरला काहीच दिसले नाही म्हणजे काहीच घडले नाही, असे दुसऱ्याला. प्रत्यक्षात ध्रुवीय प्रकाश हा सौरवादळाच्या अनेक परिणामांपैकी एक आहे, आणि बाकीचे परिणाम त्याच्या वाटेने जात नाहीत. त्यांचा भूगोल वेगळा आहे, त्यांचे वेळापत्रक वेगळे आहे. भारतासारख्या उष्णकटिबंधीय देशाचा त्यातला वाटा कमी नाही, तो वेगळ्या जातीचा आहे. म्हणून सौरवादळाची चर्चा वीज, दळणवळण आणि दिशादर्शन या सार्वजनिक व्यवस्थांच्या देखभालीचा प्रश्न म्हणून व्हायला हवी.

सूर्यावर स्फोट होतो तेव्हा पृथ्वीकडे एकच गोष्ट येते असे आपण बोलतो. येतात तीन, आणि तिन्ही वेगवेगळ्या वेळी. पहिले येतात सौरज्वालेचे क्ष-किरण आणि अतिनील किरण. त्यांना साडेआठ मिनिटेही लागत नाहीत, त्यामुळे त्यांची पूर्वसूचना मिळणे अशक्य असते. ज्वाला दिसते तेव्हा परिणाम सुरू झालेला असतो. दुसरे येतात प्रचंड वेगाचे प्रोटॉन, काही मिनिटांपासून काही तासांत. त्यांचा रोख मुख्यतः ध्रुवीय प्रदेशांवर, उंचावरच्या विमानांवर, उपग्रहांवर आणि अंतराळवीरांवर असतो. तिसरा येतो तो कोरोनल मास इजेक्शन, म्हणजे सीएमई: अब्जावधी टन विद्युतभारित वायूचा, स्वतःचे चुंबकीय क्षेत्र सोबत घेऊन निघालेला ढग. त्याला साधारण एक ते तीन दिवस लागतात. १८५९ च्या प्रसिद्ध वादळाने हे अंतर साडेसतरा तासांच्या आसपास कापले होते. या ढगातल्या चुंबकीय क्षेत्राची दिशा दक्षिणेकडे असेल तर ते पृथ्वीच्या उत्तराभिमुख क्षेत्राशी जुळते, पृथ्वीचे चुंबकावरण उघडते आणि ऊर्जा आत शिरते. दिशा उत्तरेकडे असेल तर तेवढाच मोठा ढग बराचसा निरुपद्रवी ठरतो. आणि ही दिशा खात्रीने कळते ती ढग पृथ्वीपासून सूर्याच्या दिशेने सुमारे १५ लाख किलोमीटरवरच्या एल-१ या बिंदूवरील यानांवरून गेला की मगच, म्हणजे तो पृथ्वीवर पोचण्याच्या पंधरा मिनिटे ते तासभर आधी. 'उद्या रात्री प्रलय' असे छातीठोकपणे सांगणाऱ्याला ही एक गोष्ट विचारावी: दिशा कोणती आहे, ते तुम्हाला आजच कसे कळले?

ध्रुवीय प्रकाश या तिसऱ्या पाहुण्याचे काम आहे, आणि तेही आडवळणाने. सूर्यावरचे कण थेट येऊन ध्रुवावर आदळतात आणि चमकतात, असे शाळेत सांगितले जाते. ते अर्धवट आहे. आत आलेली ऊर्जा पृथ्वीच्या रात्रीच्या बाजूला लांबलेल्या चुंबकीय शेपटीत साठते. तिथल्या क्षेत्ररेषा ताणल्या जातात, तुटून नव्याने जुळतात आणि इलेक्ट्रॉनांना पृथ्वीकडे फेकतात. हे इलेक्ट्रॉन क्षेत्ररेषांच्या वाटेने ध्रुवांभोवतीच्या कड्यात उतरतात आणि वातावरणातल्या अणूंना उद्दीपित करतात. साधारण शंभर ते दीडशे किलोमीटर उंचीवर ऑक्सिजन हिरवा प्रकाश देतो, दोनशे किलोमीटरच्या वर तोच ऑक्सिजन लाल होतो, आणि नायट्रोजनमुळे निळ्या-जांभळ्या कडा दिसतात. हानलेहून लाल आभाच का दिसली, याचे उत्तर यातच आहे. प्रकाशाचा खालचा हिरवा भाग पृथ्वीच्या गोलाईआड राहिला. सर्वांत वरचा लाल भाग तेवढा क्षितिजावर डोकावला. वादळ जितके तीव्र, तितके हे कडे विषुववृत्ताकडे सरकते, म्हणून रंगाला महत्त्व आहेच. पण तो ज्या प्रक्रियेचा निर्देशक आहे ती सौरवादळाच्या तीन शाखांपैकी एकीची एक फांदी आहे, एवढे लक्षात ठेवले तर पुढचा गोंधळ टळतो.

आता 'आपल्याला काय त्याचे' म्हणणाऱ्यांचा सर्वांत भक्कम मुद्दा घेऊ, कारण तो खरोखर भक्कम आहे. भूचुंबकीय वादळात पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र झपाट्याने बदलते. त्यामुळे जमिनीत विद्युतक्षेत्र निर्माण होते आणि लांबच लांब पारेषण वाहिन्यांमधून, रोहित्रांच्या (ट्रान्सफॉर्मरच्या) जमिनीशी जोडलेल्या न्यूट्रलमार्गे, जवळजवळ एकदिश प्रवाह वाहू लागतो. रोहित्र प्रत्यावर्ती प्रवाहासाठी बांधलेले असते. हा आगंतुक प्रवाह त्याचा गाभा अर्ध्या आवर्तनात संपृक्त करतो; रोहित्र तापते, ग्रिडमध्ये नको त्या वारंवारता मिसळतात आणि संरक्षक रिले, म्हणजे बिघाड जाणवताच वाहिनी तोडणारी स्वयंचलित यंत्रे, फसून वाहिन्या बंद पाडतात. १३ मार्च १९८९ च्या पहाटे कॅनडातील क्यूबेक प्रांताचे ग्रिड असेच सुमारे दीड मिनिटात कोसळले आणि साठ लाख लोक नऊ तासांच्या आसपास अंधारात राहिले. क्यूबेक ध्रुवीय प्रकाशाच्या कड्याजवळ आहे आणि त्याच्याखाली विजेला विरोध करणारा प्राचीन खडक आहे, म्हणून प्रवाह वाहिन्यांकडे वळतो. भारत त्या कड्यापासून फार दूर आहे. तेवढाच आघात इथल्या रोहित्रांवर होईल असे म्हणणे भौतिकशास्त्राला धरून नाही, हे मी निःशंकपणे मान्य करतो.

पण कमी धोका म्हणजे शून्य धोका नव्हे, आणि याचा पुरावा परदेशातून आणायची गरज नाही, तो मुंबईतच आहे. १ सप्टेंबर १८५९ रोजी इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन यांनी सूर्यडागांचे चित्र काढताना पांढऱ्या तेजाची ज्वाला पाहिली; त्याच वेळी रिचर्ड हॉजसन यांनीही ती स्वतंत्रपणे पाहिली. दुसऱ्या दिवशी तारयंत्रे बिघडली, बोस्टन आणि पोर्टलंडमधल्या तारबाबूंनी बॅटऱ्या काढून टाकून निव्वळ आकाशातून आलेल्या विजेवर संदेश पाठवले, आणि क्यूबासारख्या बेटांवरूनही ध्रुवीय प्रकाश दिसला. ही गोष्ट सगळे सांगतात. पण त्या वादळाची उंची मोजायची तर इंग्लंडमधल्या क्यू वेधशाळेची नोंद पुरत नाही. तिथली रेघ कागदाबाहेर गेली होती. ती पुरी मिळते कुलाब्याच्या वेधशाळेत. तिथल्या निरीक्षकांनी २ सप्टेंबरच्या सकाळी, लख्ख उजेडात, आकाशात काहीही दिसत नसताना, चुंबकसूचीचे वाचन चालू ठेवले आणि क्षैतिज चुंबकीय क्षेत्र सुमारे १६०० नॅनोटेस्लांनी खाली आल्याचे लिहून ठेवले. मे २०२४ च्या वादळात जगभरच्या विषुववृत्तालगतच्या वेधशाळांची सरासरी घट सुमारे ४०० होती. वेधशाळेचे संचालक नानाभाई मूस यांनी १९१० मध्ये हे सगळे आकडे छापले, आणि २००३ मध्ये नासा आणि भारतीय भूचुंबकत्व संस्था यांच्या संशोधकांनी त्यांच्या आधारे कॅरिंग्टन वादळाची तीव्रता नव्याने मांडली. ज्या वादळाला जग आजही कमाल मर्यादा मानते त्याचा सर्वांत महत्त्वाचा पुरावा उष्णकटिबंधातला आहे. मग उष्णकटिबंधात काही घडत नाही, हे कोणत्या तोंडाने म्हणायचे?

आणि रंगच हवा असेल तर तोही आहे. ४ फेब्रुवारी १८७२ च्या रात्री मुंबईत ध्रुवीय प्रकाश दिसल्याची, तसेच समुद्राखालच्या आणि जमिनीवरच्या तारमार्गांवर त्याचा परिणाम जाणवल्याची बातमी त्या वेळच्या मुंबईच्या वृत्तपत्रात आली होती. तरीही मला १८५९ ची ती सकाळ जास्त महत्त्वाची वाटते. डोळ्यांना काही दिसत नव्हते आणि सूची खाली जात होती.

दुसरे असे की १८५९ किंवा १८७२ मध्ये आपल्याकडे होते काय? तारेच्या काही ओळी. आज सोलापूर ते रायचूर ही ७६५ केव्हीची वाहिनी ३१ डिसेंबर २०१३ रोजी जोडली गेल्यापासून दक्षिणेसह सारा देश एकाच ग्रिडवर आहे. ही मोठी कमाई आहे. पण वाहिनी जितकी लांब आणि दाब जितका जास्त, तितका या आगंतुक प्रवाहाला मार्ग मोकळा. जुलै २०१२ च्या अखेरीस साठ कोटींहून अधिक लोकांची वीज गेली तेव्हा सूर्याचा काही संबंध नव्हता. आधीच ताणलेल्या ग्रिडमध्ये एक वाहिनी पडली आणि बाकीच्या तिच्यामागे गेल्या. सौरवादळाने हजार रोहित्रे जाळण्याची गरज नसते. ताणाच्या वेळी दोन-चार रिले चुकीच्या क्षणी सुटले तरी पुरे. २००३ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या वादळांनंतर दक्षिण आफ्रिकेत, म्हणजे ध्रुवापासून चांगल्याच दूरच्या देशात, काही मोठी रोहित्रे हळूहळू निकामी झाली आणि अभ्यासकांनी त्यांचा संबंध त्या वादळांशी जोडला. तिथे घाव एका रात्रीत दिसला नाही. आतले इन्सुलेशन महिनोन्महिने खराब होत गेले. असे नुकसान आपल्याकडे झाले तर त्यावर 'जुने झाले होते' असा शेरा मारून फाईल बंद होईल, कारण त्या न्यूट्रलमधून त्या रात्री किती प्रवाह गेला हे कुणी मोजलेलेच नसेल.

विजेचा मुद्दा बाजूला ठेवला तरी आपल्या अक्षांशाचा युक्तिवाद दुसरीकडे सरळ उलटा पडतो, आणि या वादातली सर्वांत दुर्लक्षित गोष्ट हीच आहे. सौरज्वालेचे क्ष-किरण दिवसाच्या बाजूवर पडतात, आणि सूर्य जिथे डोक्यावर असतो तिथे सर्वांत जोरात. त्यामुळे आयनांबराचा, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित भागाचा, खालचा थर दाट होऊन लघुलहरी रेडिओचे संदेश गिळून टाकतो. हा फटका ध्रुवांना नव्हे, दुपारच्या उष्णकटिबंधाला बसतो. सप्टेंबर २०१७ मध्ये कॅरिबियन बेटांवर इर्मा चक्रीवादळ घोंघावत होते, मोबाईलचे मनोरे कोसळले होते आणि मदतकार्याची भिस्त लघुलहरी रेडिओवर होती. नेमक्या त्याच दिवसांत, ६ आणि १० तारखेला, सूर्यावर मोठ्या ज्वाला भडकल्या आणि हे रेडिओ ऐन वेळी मुके झाले. कॅरिबियन बेटांचे अक्षांश पाहा: ते आपल्या कोकण-गोव्याचेच आहेत. अरबी समुद्रावरून जाणारी विमाने आणि जहाजे आजही काही प्रमाणात लघुलहरींवर बोलतात. आपल्या किनाऱ्यावर चक्रीवादळ आणि सौरज्वाला एकाच दुपारी आल्या तर काय, हा प्रश्न कल्पनारंजन नाही. तो दुसऱ्या एका किनाऱ्यावर घडून गेला आहे.

आयनांबराची गोष्ट इथे थांबत नाही. विक्रम साराभाईंनी अग्निबाण सोडायला केरळमधले थुंबा का निवडले? चुंबकीय विषुववृत्त तिथून जवळून जाते म्हणून. त्या रेषेवर सुमारे शंभर किलोमीटर उंचीवर विद्युतप्रवाहाची एक अरुंद धार दिवसभर वाहते. त्या रेषेच्या वरचा विद्युतभारित वायू उंच उचलला जातो आणि दोन्ही बाजूंना खाली उतरून साठतो. या साठ्याची उत्तरेकडची दाट पट्टी भारताच्या मध्यभागावरून जाते. सूर्यास्तानंतर या वायूत पोकळ बुडबुडे तयार होतात आणि उपग्रहांकडून येणारे दिशादर्शनाचे संकेत त्यांतून जाताना थरथरतात. म्हणजे साध्या दिवशीही भारतावरचे आयनांबर जगातल्या सर्वांत खोडकर आयनांबरांपैकी एक असते. विमानांसाठी उभारलेल्या 'गगन' या दिशादर्शन प्रणालीला खास इथल्या आयनांबराचे प्रारूप बसवावे लागले ते यामुळेच. भूचुंबकीय वादळात ही सारी व्यवस्था हलते, दाट पट्ट्या सरकतात, कधी दुप्पट होतात. भारताचा अंतराळ कार्यक्रम ज्या भौगोलिक वैशिष्ट्यामुळे जिथे सुरू झाला तिथे सुरू झाला, तेच वैशिष्ट्य आज आपण 'आपण सुरक्षित आहोत' याचा पुरावा म्हणून वापरतो. असे का व्हावे?

याचा संबंध फक्त वैमानिकांशी आहे असेही नाही. भूमी अभिलेख खात्याची मोजणी आता रोव्हरने, म्हणजे उपग्रहांचे संकेत घेणाऱ्या यंत्राने होते. बांधाचा वाद सेंटिमीटरवर येऊन ठेपतो. शेतात फवारणीचे ड्रोन आले आहेत. मासेमारी बोटींवर उपग्रहाधारित ट्रान्सपाँडर बसवले जात आहेत. मोबाईलचे मनोरे आणि विजेच्या ग्रिडवरची मोजमाप यंत्रे वेळेचे संकेत उपग्रहांकडून घेतात. मे २०२४ मध्ये अमेरिकेच्या मध्यभागात ऐन पेरणीच्या दिवसांत शेतकऱ्यांची जीपीएसवर चालणारी यंत्रे भरकटली आणि अनेकांना पेरणी थांबवावी लागली. त्या वादळात 'काहीच झाले नाही' हे वाक्य त्या शेतकऱ्यांसमोर कुणी उच्चारून पाहावे.

तरी आपल्याकडे त्या रात्री खरेच फारसे काही झाले नाही, हा दुसरा आक्षेप उरतो आणि तोही वस्तुस्थितीला धरून आहे. पण का झाले नाही? इस्रोने नंतर दिलेल्या माहितीत दोन कारणे होती. एक, आपला कमी अक्षांश. दुसरे, वादळाचा मुख्य तडाखा भारतात पहाटेच्या वेळी बसला, तेव्हा इथले आयनांबर पुरते तयार झालेले नव्हते. हे दुसरे कारण नीट वाचायला हवे. तोच तडाखा बारा तास मागे-पुढे झाला असता तर? सूर्यावरच्या स्फोटाला भारतीय प्रमाणवेळ पाळायची सक्ती नाही. शिवाय त्या दिवसांत हवामान उपग्रहांवरील काही संवेदक खबरदारी म्हणून बंद ठेवण्यात आले होते. काहीच झाले नाही यात नशीब होते आणि कुणीतरी जागे राहून केलेले कामही होते. क्यूबेकनेही १९८९ नंतर रिलेंची मांडणी बदलली, वाहिन्यांवर नवी उपकरणे बसवली, मोठा खर्च केला. म्हणून २००३ आणि २०२४ मध्ये तिथे अंधार झाला नाही. तयारीमुळे टळलेल्या संकटाला संकट नव्हतेच म्हणायचे, हा न्याय कुठला? ओडिशात ऑक्टोबर १९९९ च्या महाचक्रीवादळात सुमारे दहा हजार माणसे गेली. २०१३ च्या फायलिनमध्ये मृतांची संख्या पन्नासच्या आत राहिली. वारा सौम्य झाला म्हणून नव्हे, लाखो माणसे वेळेवर हलवली गेली म्हणून.

आता प्रलयवाद्यांकडे वळतो. त्यांच्यातल्या प्रामाणिक लोकांचे म्हणणे असे की भीती दाखवल्याशिवाय या देशात कुणी लक्षच देत नाही. मला ही तक्रार समजते. पण त्यांचा सर्वांत लाडका दाखला, समुद्राखालच्या केबल तुटून इंटरनेट महिनोन्महिने बंद, तो मुळापासून वाचला तर उलटेच सांगतो. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन शाखेतील संगीता अब्दू ज्योती यांनी २०२१ मध्ये हा विषय मांडला. काचेच्या तंतूंना वादळाचा धोका नाही. धोका आहे तो दर काही अंतरावर संकेत वाढवणाऱ्या रिपीटरांना, कारण त्यांना वीज पुरवणाऱ्या वाहकातून हा आगंतुक प्रवाह शिरू शकतो. तो प्रामुख्याने अमेरिका-युरोप अशा उत्तरेकडच्या लांब केबलांना आहे. आशियातली जोडणी तुलनेने टिकाऊ ठरते असा त्यांचा निष्कर्ष होता. म्हणजे ज्या अभ्यासातून हा मथळा उचलला, तोच अभ्यास भारताबाबत बराच आश्वासक आहे. आणि उशाशी ठेवलेल्या मोबाईलचे काय? जमिनीवरच्या माणसाला ध्रुवीय प्रकाशापासून किंवा भूचुंबकीय वादळापासून शारीरिक इजा होत नाही. वर जाड वातावरण आहे. खोट्या भीतीचे नुकसान असे की खरी सूचना येते तेव्हा तिच्यावर कुणाचा विश्वास उरत नाही. चारदा 'प्रलय आला नाही' हे अनुभवलेला उपकेंद्रातला अभियंता पाचव्या संदेशावर उठून बसेल का?

कॅरिंग्टनसारखे वादळ पुढच्या दहा वर्षांत येण्याची शक्यता किती, यावर जाणकारांत एकमत नाही. एक प्रसिद्ध अंदाज १२ टक्क्यांचा आहे, दुसरा दोन टक्क्यांच्याही आतला. जुलै २०१२ मध्ये तसाच एक ढग पृथ्वीची कक्षा ओलांडून गेला. पृथ्वी तेव्हा तिथे नव्हती. मात्र शक्यतेच्या आकड्यावरचा हा वाद मला दुय्यम वाटतो, कारण मोठ्या नुकसानीला प्रत्येक वेळी मोठे वादळ लागत नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये स्पेसएक्सने सोडलेल्या ४९ उपग्रहांपैकी ३८ वातावरणात जळून गेले, आणि तेव्हाचे वादळ अगदी किरकोळ होते. वादळामुळे वरचे वातावरण तापले, फुगले, आणि खालच्या कक्षेत नुकतेच सोडलेले उपग्रह त्या घर्षणाला बळी पडले. ए३२० विमानांचे प्रकरण तर आणखी बोलके आहे. ज्या उड्डाणातल्या बिघाडामुळे ही दुरुस्ती करावी लागली ते ३० ऑक्टोबर २०२५ चे होते, आणि त्या दिवशी सूर्यावर फार मोठे काही घडले नव्हते असे अनेक तज्ज्ञांनी निदर्शनास आणले. उपाय काय झाला? बहुतेक विमानांत संगणकप्रणालीची आधीची आवृत्ती परत बसवली गेली. म्हणजे सूर्य होता तसाच होता. आपण नवे काही बसवले आणि नाजूक झालो. धोका जितका आकाशात असतो तितकाच आपण काय आणि कसे बांधतो यात असतो, आणि यातला दुसरा भाग आपल्या हातात आहे.

शेवटचा आक्षेप मला नैतिकदृष्ट्या सर्वांत जड वाटतो. ज्या राज्यात मराठवाड्यातल्या गावांना उन्हाळ्यात टँकर लागतो, जिथे पावसाळ्यात दरडी कोसळून वाड्या गाडल्या जातात, तिथे शतकातून एकदा येणाऱ्या वादळाची चिंता ही चैन नाही का? निवड खरोखर टँकर की चुंबकमापक अशी असती तर मीही टँकरच्या बाजूने उभा राहिलो असतो. पण तशी ती नाही. मूळ खर्च आपण आधीच केला आहे. २ सप्टेंबर २०२३ रोजी निघालेले आदित्य एल-१ जानेवारी २०२४ पासून एल-१ बिंदूभोवती फिरते आहे. त्यावरची सूर्याची अतिनील छायाचित्रे घेणारी दुर्बीण पुण्याच्या आयुका संस्थेच्या पुढाकाराने बनली आहे, आणि सौरवाऱ्यातले कण व चुंबकीय क्षेत्र मोजणारी उपकरणेही त्यावर आहेत. नवी मुंबईत पनवेलला भारतीय भूचुंबकत्व संस्था आहे, तिच्या वेधशाळा देशभर आहेत. उरतो तो शेवटचा टप्पा: ही माहिती भार प्रेषण केंद्रात (ग्रिडवरच्या विजेचा तोल सांभाळणाऱ्या नियंत्रण कक्षात) पाळीवर बसलेल्या माणसापर्यंत, बंदरापर्यंत, जिल्ह्याच्या आपत्ती नियंत्रण कक्षापर्यंत त्यांना समजेल अशा भाषेत पोचणे, आणि ती मिळाल्यावर काय करायचे याचा एक पानाचा लेखी क्रम तिथे असणे. कोणती देखभाल पुढे ढकलायची, कोणत्या वाहिनीवरचा भार हलका करायचा, रोव्हरची मोजणी त्या दिवशी थांबवायची का, लघुलहरी बंद पडल्या तर कोणता मार्ग वापरायचा. याला पैसा थोडा लागतो आणि शिस्त बरीच लागते.

ही शिस्त आपल्याला परकी नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईत विजेवरची ट्राम येणार हे ठरले तेव्हा तिच्या प्रवाहांनी कुलाब्याची चुंबकीय नोंद निरुपयोगी होईल हे मूस यांच्या लक्षात आले. ट्राम येऊ नये असे कुणी म्हटले नाही आणि नोंद बंद पडू द्या असेही नाही. अलिबागला चुंबकीय गुण नसलेला दगड वापरून नवी वेधशाळा बांधली, १९०४ पासून ती चालू केली, आणि १९०६ पर्यंत कुलाबा व अलिबाग दोन्हीकडे एकाच वेळी वाचने घेतली, म्हणजे जुनी आणि नवी मालिका एकमेकींना जोडता यावी. ट्राम १९०७ मध्ये आली. विकास आणि मोजमाप यांचे भांडण न लावता दोन्ही सांभाळण्याची ही रीत शंभर वर्षांपूर्वी मुंबई इलाख्यात पाळली गेली होती.

म्हणून माझी मागणी साधी आहे. महापारेषण आणि पॉवरग्रिडच्या महाराष्ट्रातल्या ४०० आणि ७६५ केव्हीच्या निवडक उपकेंद्रांत रोहित्रांच्या न्यूट्रलमधला एकदिश प्रवाह कायम मोजला जावा, अलिबागच्या चुंबकीय नोंदीशी तो मिनिटामिनिटाने ताडून पाहिला जावा, आणि प्रत्येक तीव्र वादळानंतर वीज, विमानवाहतूक, मासेमारी आणि जमीनमोजणी या खात्यांनी काय दिसले व काय दिसले नाही याचा अहवाल महिनाभरात मराठीतून लोकांसमोर ठेवावा. त्या अहवालात सलग दहा वर्षे 'परिणाम नगण्य' असे निघाले तर फारच चांगले. निदान तो मोजून काढलेला निष्कर्ष असेल, आणि तो चुकीचा ठरलाच तर कुठे चुकला हे शोधायला पुढच्यांच्या हाती आकडे असतील.